सल्ला हवा: घरी जोडलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसाठी महागडे कपॅसिटर-रेझिस्टर घ्यावेत का?

सहावी_तार
नमस्कार मंडळी. फेंडर चॅम्प या छोट्या गिटार अ‍ॅम्पच्या ५एफ१ सर्किटचं किट जोडलंय. पुढे सिग्नल वाढवणारा १२एएक्स७ व्हॉल्व्ह (एकातच दोन स्टेज), मागे स्पीकर चालवणारा ६व्ही६, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. टेलिकास्टर लावली की झकास वाजतो. हंबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार लावून व्हॉल्यूम सहाच्या वर नेला की मात्र खालच्या दोन तारांचं नुसतं भरीत होतं, कॉर्ड कोणती तेही कळत नाही. कपलिंग कपॅसिटर (एका स्टेजचा सिग्नल पुढे देणारे) ०.०२२ मायक्रोफॅरडचे साधे पॉलिएस्टर आहेत, रेझिस्टर सगळे मेटल फिल्म. पहिल्या स्टेजच्या कॅथोडवर (व्हॉल्व्हचा एक पाय) १.५ के, म्हणजे किलोओहम, रेझिस्टर आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. एकाने सांगितलं, ऑरेंज ड्रॉप हे केशरी, महागडे कपॅसिटर टाक, रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशन कर, 'व्हिंटेज' आवाज येईल. खर्च बराच होतोय. करू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डाख_मास्तर
अजिबात नको. ऑरेंज ड्रॉपही ०.०२२चाच घेणार ना? मग खर्ज तेवढाच पुढे जाणार आणि भरीतही तेवढंच होणार, फक्त केशरी रंगाचं. आधी किंमत बदल, म्हणजे मायक्रोफॅरडची. रुपयांची नंतर बघू.

हिशोब कर. कपॅसिटर खर्ज कुठून कापायला लागेल ते त्याच्यापुढच्या रेझिस्टरवर ठरतं: १ भागिले (२ × पाय × आर × सी). तुझा पहिला कपलिंग कपॅसिटर १ मेगओहमच्या व्हॉल्यूम पॉटवर (बटणावर) जातो. ०.०२२ला उत्तर येतं साधारण ७ हर्ट्झ. गिटारची मोकळी सहावी तारच ८२ हर्ट्झची, म्हणजे तिथे काहीच कापलं जात नाही. ०.००२२ टाकलास तर ७२ हर्ट्झ. दुसरा कपॅसिटर ६व्ही६च्या ग्रिडच्या (सिग्नल घेणारा पाय) २२० के रेझिस्टरवर जातो, तिथे ०.०२२ म्हणजे ३३ हर्ट्झ, पण ०.००४७ टाकलास तर थेट दीडशेच्या आसपास. मग टेलिकास्टर पत्र्याच्या डब्यासारखी वाजेल. म्हणून दुसऱ्याला ०.०१च्या खाली जाऊ नकोस.

सहावी_तार
पण मास्तर, खर्ज शेवटी कापला काय आणि आधी कापला काय, फरक काय पडतो?

डाख_मास्तर
सगळा फरक तिथेच आहे. भरीत होतं ते डिस्टॉर्शनच्या वेळी. ६व्ही६ला खर्जाचा दणका बसला की त्याच्या ग्रिडमधून करंट वाहतो, मागचा कपॅसिटर चार्ज होऊन बसतो आणि व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे कामाचा ठरलेला बिंदू, तेवढा वेळ सरकतो. ०.०२२ आणि २२० के धरले तर तो उतरायला ५ मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो, ०.०१ला निम्म्याहून कमी. एकदा भरीत झालं की मागाहून कितीही खर्ज कापा, वांगं परत मिळत नाही.

म्हणून पहिला हात पहिल्या कॅथोडला. तो २५ मायक्रोफॅरडचा काढून ०.६८ लाव. १२एएक्स७, प्लेटचा (सिग्नल बाहेर देणारा पाय) १०० केचा रेझिस्टर आणि १.५ केचा कॅथोड असेल तर बायपाससकट गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) साठच्या आसपास मिळतो, बायपास पूर्ण काढला की तीसच्या आसपास. ०.६८ने साधारण ३०० हर्ट्झच्या वर पूर्ण गेन मिळतो आणि खाली तो उतरत निम्म्यावर येतो. मार्शल कंपनीने लीड अ‍ॅम्पमध्ये हीच ०.६८ची किंमत २.७ केबरोबर वापरली, ती उगीच नाही.

कार्बनभक्त
मास्तर, सगळं गणितात बसवू नका. कार्बन कॉम्पोझिशनचा गोडवा कानाला कळतो. माझ्या अ‍ॅम्पमध्ये आहेत, काढणार नाही.

डाख_मास्तर
काढू नका की. त्यात तथ्य आहे, पण एकाच जागी. या रेझिस्टरची किंमत त्याच्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे किंचित हलते आणि त्यातून थोडं सौम्य डिस्टॉर्शन येतं. ते ऐकू यायला सिग्नलचे दहा-वीस नाही, चांगले शंभरेक व्होल्ट हलावे लागतात. म्हणजे या अ‍ॅम्पमध्ये दुसऱ्या स्टेजचा १०० के प्लेट रेझिस्टर. कॅथोडवर जेमतेम दीड व्होल्ट असतो, तिथे कार्बन लावून कुणाला काय ऐकू येणार? आणि पहिल्या प्लेटला लावलात तर तिथली खरखर पुढच्या सगळ्या स्टेजमधून मोठी होऊन बाहेर येते. तिथे मेटल फिल्मच ठेवा.

कोकणी_टोन
कार्बन घेणाऱ्यांनी सोल्डर केल्यावर एकदा मीटर लावून बघा, उष्णतेने किंमत सरकते. दमट हवेतही वर्षानुवर्षं वर चढत जाते. आमच्याकडे पावसाळ्यात गंजत नाही अशी वस्तूच नाही, त्यात हे लाड परवडत नाहीत.

निवांत_नाना
दोन पैसे माझेही. ५एफ१मध्ये स्पीकरकडून दुसऱ्या कॅथोडला येणारा २२ केचा फीडबॅक रेझिस्टर असतो. तो ४७ के करून ऐक. आवाज जरा रांगडा होतो, गेन वाढतो. पण तुझ्या तक्रारीला उलटाच पडायचा, म्हणून कॅथोड बदलल्यावरच हात लाव. आणि चॅम्पचा स्पीकर ८ इंची असतो रे! हंबकरचा खर्ज त्याला झेपत नाही. १२ इंची कॅबिनेट मित्राकडून आणून एकदा जोड, रेझिस्टरवरची निम्मी भांडणं मिटतील. इंपिडन्स (स्पीकरचे ओहम) मात्र जुळवून घे.

सहावी_तार
नाना, आणतो. मास्तर, व्हॉल्यूम पॉटवर १२० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर टाकला तर?

डाख_मास्तर
तो पॉटच्या वरच्या टोकापासून मधल्या पायाला जातो, म्हणून व्हॉल्यूम कमी असतानाच चमक देतो. पॉट पूर्ण उघडला की त्याचं काम शून्य. तुझी तक्रार सहाच्या वरची आहे, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत जाशील तेव्हा ०.६८, ०.०१, ०.००४७, ०.००२२ असे फिल्म कपॅसिटर घेऊन ये. कपलिंगच्या जागी ४०० व्होल्टच्या खालचे नकोत, ६३० मिळाले तर उत्तम. एका वेळी एकच बदल. आणि प्लग काढला म्हणजे झालं असं समजू नकोस: फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठून राहतं. १० के, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून ते उतरव, मीटरवर १०च्या खाली दिसलं की मगच हात घाल. ०.६८ फिल्मला अधिक-उणे नसतं, कसाही बसव.