'भावार्थानं जगली' हे मराठीत कसं लिहायचं?

तिखट_मिरसांग
मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडून बसलेय, मदत करा. ऑफिसातल्या सहकाऱ्याची आई गेली, दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली. येत्या शनिवारी तिच्या महिन्याच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) वाटायला त्यानं तिच्यावर दोन पानं लिहिलीत, रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत. पण त्यांचे अर्धे नातेवाईक सावंतवाडी-बेळगावकडचे, त्यांना रोमी वाचता येत नाही, म्हणून मराठी करून दे म्हणाला. मी फोंड्याची, कोंकणी घरातलीच, म्हटलं त्यात काय एवढं. आणि पहिल्याच वाक्यात पडले. वाक्य असं: "आमची माय भावार्थान जियेली."

मी आपलं सरळ 'आमची आई भावार्थानं जगली' असं लिहिलं. सासरे निवृत्त मराठीचे मास्तर, लाल पेन घेऊन बसले. म्हणाले, भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहितात तो, ही बाई काय सारांशानं जगली? मग कळलं की इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, कोंकणीत भावार्थ म्हणजे देवावरची ती जी काय असते ती. श्रद्धा? विश्वास? भरवसा? यातलं एकही बसत नाहीये.

संदर्भ म्हणून पुढचा मजकूर सांगते. नवरा तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. पैसे कधी यायचे कधी नाही. ही रोज संध्याकाळी पोरांना घेऊन तेर्स (जपमाळेची प्रार्थना) करायची, मग सगळ्यांना बेसांव (आशीर्वाद) द्यायची, आणि मग तांदळाच्या डब्यात हात घालून बघायची उद्याला किती आहेत ते. कोणी काळजीचं बोललं की म्हणायची "देव पळयता." हे 'पळयता' पण बघा, देव बघतोय आणि देव बघून घेईल, दोन्ही त्यातच.

पुस्तकी_किडा
श्रद्धा. "आई श्रद्धेने जगल्या." विषय संपला.

तिखट_मिरसांग
संपला असता तर इथे आले नसते हो. श्रद्धा म्हटलं की मला निरांजन आणि श्रद्धांजली दिसते. शिवाय आजकाल त्याच्या आधी 'अंध' आपोआप लागतो.

आडवाटेचा_वाटसरू
श्रद्धेला इतकं हलकं घेऊ नका. श्रत् अधिक धा, म्हणजे मन ठेवणं, काळीज ठेवणं. आणि गंमत म्हणजे लॅटिनमधला क्रेदो, म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', हा शब्द याच मुळाचा, दोन्ही सख्ख्या बहिणी. ज्या प्रार्थनेला कोंकणीत "सत मानतां" म्हणतात ती लॅटिनमध्ये 'क्रेदो'नंच सुरू होते. म्हणजे साठच्या दशकापर्यंत गोव्यातल्या इगर्जीत लॅटिन मीस चालायचं तेव्हा लोक एका अर्थी 'श्रद्धा' हाच शब्द म्हणत होते, त्यांना कुणी सांगितलं नाही एवढंच.

पुस्तकी_किडा
म्हणजे माझंच बरोबर.

आडवाटेचा_वाटसरू
नाही. व्युत्पत्ती बरोबर असली म्हणून वापर बरोबर होत नाही. नाहीतर विश्वासही घ्या की, वि अधिक श्वस्, मोकळा श्वास घेणे. पण विश्वास पानिपतात गेला असं म्हणताना कोण श्वास मोजतो.

नगरी_लिंबू
मी नगरकडचा, घर ख्रिस्ती, पिढ्यानपिढ्या मराठी. आमच्याकडे यावर एवढी चर्चाच होत नाही, शब्द एकच, विश्वास. मराठी बायबलात रोमकरांस पत्रात सरळ "नीतिमान विश्वासाने जगेल" असं आहे, म्हणजे तुमचं 'विश्वासाने जगली' तयारच आहे, नवं काही घडवायला नको. तुमच्या मास्तरांना ते अर्धवट वाटेल, कुणाच्या विश्वासाने असं विचारतील, कारण बाहेर विश्वास माणसावर, बँकेवर, सरकारवर ठेवतात, तिथे 'वर' लागतो. आमच्यात लागत नाही. "ती विश्वासात होती" म्हटलं की झालं.

माझी आजी दुष्काळात कामावर खडी फोडायला जायची, तिला अक्षरओळख नव्हती, पण टिळकांची भजनं पाठ. नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले तेव्हा आजीचा जन्मही नव्हता, पण बोलायची अशी की जणू शेजारचेच. आणि ती विश्वास म्हणायचीच नाही, हे आत्ता लिहिताना आठवलं. ती म्हणायची "भाव ठेव." स्तोत्रसंहितेत ३७ व्या स्तोत्रात आहे ना, आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे, त्याच्यावर भाव ठेव. तिथलंच.

तिखट_मिरसांग
नगरी लिंबू, हे 'भाव ठेव' भारी आहे. पण 'विश्वास' सहकाऱ्याला दाखवला तर तो दचकला. गोव्यात बिलिवर म्हणजे ते नवे, इगर्ज सोडून हॉलमध्ये प्रार्थना करणारे. मी मजकुरात एका जागी 'विश्वासी स्त्री' लिहिलं होतं, त्यावर म्हणाला, "अगो, माय कॅथलिक आशिल्ली!" म्हणजे मराठीतला निरुपद्रवी शब्द इथे थेट पंथ सांगतो.

माडाची_सावली
भरवसा घ्या ना. कोंकणीत भरवंसो आहेच, मराठीत भरवसा, दोन्हीकडचे नातेवाईक खूश.

टोणगा_फॅन_क्लब
भरवशाच्या म्हशीला काय झालं ते विसरलात वाटतं 😄 मयत बाईंच्या पत्रिकेत भरवसा लिहाल आणि सावंतवाडीचा कोणीतरी मामा हसेल.

माडाची_सावली
म्हणीमुळे शब्द बाद करायचे ठरवलं तर मराठीत उरेल काय.

राशोलचा_काठ
थोडं मागे जाऊ या. भावार्थ हा शब्द इगर्जेत आला कुठून? माझं मत, मराठीतून. ज्ञानेश्वरीचं नाव भावार्थदीपिका, नाथांचं भावार्थ रामायण. हा शब्द तेव्हा भक्तीच्या बाजारात चलनी नाणं होता. आणि फादर थॉमस स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आला, इंग्रज माणूस, त्यानं ओव्या लिहिल्या मराठीत, ख्रिस्तपुराण १६१६ ला साष्टीतल्या राशोलला छापलं, आणि त्याचीच कोंकणी दौत्रिना, म्हणजे ख्रिस्ती शिकवणुकीचं पुस्तक, १६२२ ला, तो गेल्यानंतर तीन वर्षांनी. एकच माणूस दोन्ही भाषांत तीच गोष्ट सांगतोय म्हटल्यावर शब्द या खिशातून त्या खिशात जाणारच. मग मराठीत भावार्थाला शाळेच्या गाईडवाल्यांनी सारांश करून टाकलं आणि कोंकणी इगर्जीत तो जुन्या अर्थानं जगला. तेव्हा मास्तरांना सांगा, चूक वहिनींची नाही, मराठीचीच स्मरणशक्ती गेली.

पुस्तकी_किडा
भावार्थदीपिकेतला भावार्थ अर्थ याच अर्थानं आहे साहेब. गीतेचा भावार्थ उजळणारा दिवा. श्रद्धेचा दिवा नव्हे. तुमचा पहिलाच पुरावा तुमच्या विरुद्ध.

राशोलचा_काठ
भाव तेथे देव, त्यातला भाव म्हणजे मीनिंग का? भोळा भाव सिद्धीस जाव, इथे?

पुस्तकी_किडा
तो भाव. हा भावार्थ. दोन शब्द आहेत.

सोज्वळ_मराठी
मूळ मुद्द्यावर येतो. तेर्स, बेसांव, मीस, तारवटी, हे मराठी मजकुरात चालणार आहेत का? जपमाळ, आशीर्वाद, मिस्सा, खलाशी असे शब्द उपलब्ध आहेत. एकदा हे सोडलं की उद्या मराठी आणि कोंकणीत फरक काय राहील.

खाजनातली_मानशी
झालं, आता हे सदुसष्टच्या, गोवा महाराष्ट्रात जावा की नको त्या, कौलावर जाणार. अहो, गोव्यातली मराठी गोव्याच्या पाण्यावरच वाढणार. माझ्या आजीला जपमाळ म्हटलं असतं तर तुळशीची दिसली असती. आणि बेसांव म्हणजे नुसता आशीर्वाद नाही, आशीर्वाद लग्नात पण देतात. बेसांव रोज संध्याकाळी, तेर्स संपल्यावर, पोरं लायनीत हात जोडून उभी, आधी आजीकडे मग आईकडे. आमच्या शेजारच्या घरात हे चालायचं आणि आम्ही हिंदू पोरं पण लायनीत घुसायचो, कारण नंतर दोस भाजी खायला मिळायची 😊

सोज्वळ_मराठी
आठवणी सुंदर आहेत पण तो युक्तिवाद नव्हे.

वेळूचा_तांडेल
मी सहसा वाचतोच फक्त, आज लिहितो. आमची होडी आहे, आम्ही हिंदू, खलाशांत दोघे कॅथलिक. जून-जुलै बंदी असते, १ ऑगस्टला समुद्र खुला होतो पण आम्ही नारळ घातल्याशिवाय निघत नाही. ते दोघे किनाऱ्यावरच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) मेणबत्ती लावतात, आम्ही त्यांच्यासाठी थांबतो, ते आमच्या नारळासाठी थांबतात. त्यातला म्हातारा निघताना म्हणतो "देवाचेर घाल." आणि लगेच डिझेल बघतो, वायरलेस बघतो, मोबाइलवर वारा बघतो, एखादी दोरी आवडली नाही तर निघूच देत नाही, मग आम्ही शिव्या देतो.
तुम्ही इकडे श्रद्धा विश्वास करताय. मराठीत 'देवावर हवाला' असं आहे ना? हवाला ठेवून गेला. ते बघा बसतं का.

टोणगा_फॅन_क्लब
हवाला लिहिलं तर ईडी येईल 😄

माडाची_सावली
हवाल्यात एक 'आता माझं काय चालत नाही' असं असतं. आजोबा आयसीयूत असताना आम्ही देवावर हवाला ठेवला होता. म्हणजे डॉक्टरांनी हात टेकल्यावर. त्या बाईंचं तसं नाही वाटत, त्या तर तांदूळ मोजत होत्या. देवावर टाकून निवांत बसणाऱ्याला आपण 'असेल माझा हरी' म्हणून टोमणा मारतो, तसलंही नाही हे.

आडवाटेचा_वाटसरू
मला पातयेता हे क्रियापद सुचतंय. कोंकणीत "हांव देवाक पातयेतां". जुन्या मराठीत पातेजणे, विश्वास ठेवणे, मूळ प्रत्यय. पत हा शब्दही तिथलाच, वाण्याकडची पत. देवाकडे तिची पत होती, असं काहीतरी.

पुस्तकी_किडा
पत प्रत्ययापासून, हे तुम्ही कुठे वाचलंत?

आडवाटेचा_वाटसरू
मला तसं वाटतं.

पुस्तकी_किडा
वाटणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. आणि 'देवाकडे पत होती' म्हणजे देवानं उधार दिलं असा अर्थ होईल.

खाजनातली_मानशी
दिलंच की हो, आठ महिने.

तिखट_मिरसांग
सगळ्यांना देव बरें करूं. काल मी आजींचं 'भाव ठेव' घेऊन "आमची आई देवावर भाव ठेवून जगली" असं केलं आणि सहकाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो गंभीर चेहरा करून ऐकत होता. मग म्हणाला, "भाव म्हळ्यार रेट न्हय?" त्याच्या डोक्यात मडगावचा बाजार, इसवण माशाचा भाव. मग स्वतःच हसायला लागला, म्हणे मायला आवडलं असतं, ती घासाघीस करण्यात पटाईत होती, कोळणी घाबरायच्या तिला. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही.
सासऱ्यांचं आता वेगळंच. राशोल वाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला तर कपाटावरून भावार्थ रामायण काढून बसलेत, जेवायला येत नाहीत.

नगरी_लिंबू
ताई, एक विचारू का, नाम कशाला हवं तुम्हाला? आजीच्या वेळेस आम्ही काहीच लिहिलं नव्हतं तसलं. पाळकसाहेबांनी विचारलं हिच्याबद्दल काय सांगू, तर वडील म्हणाले, रात्री झोपताना उद्याची भाकरी नसली तरी तवा घासून ठेवायची. तेवढंच सांगितलं त्यांनी. तुमच्याकडे तो तांदळाचा डबा आहेच की.

पुस्तकी_किडा
ललित लेखन वेगळं आणि भाषांतर वेगळं. मूळ लेखकानं शब्द वापरलाय तर भाषांतरात शब्द यायला हवा, गाळायचा अधिकार कोणी दिला? मी अजूनही श्रद्धेवर ठाम आहे.

राशोलचा_काठ
मी अजूनही भावार्थावर. तसाच ठेवा, खाली तळटीप द्या.

टोणगा_फॅन_क्लब
मिसाला वाटायच्या कागदावर तळटीप. वा.

सोज्वळ_मराठी
मिस्सा.

माडाची_सावली
पण शनिवार तर होऊन गेला ना? शेवटी छापलं काय?

खाजनातली_मानशी
ते सांगतीलच, त्याआधी मला एक सांगा कोणीतरी, मराठीत तेर्स 'ती' की 'तो'? आमच्याकडे यावरून काल जेवताना दोन तट पडलेत.