लाउदातो सी वर सोप्या मराठीत काही आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. आमच्या चर्चच्या युथ ग्रुपला सप्टेंबरात कार्यक्रम घ्यायचाय, विषय पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं परिपत्रक लाउदातो सी, म्हणजे हवामान बदल न् गरिबी हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच असं त्यात मांडलंय. आपल्याकडं हे पटवायला फार लांब जायला नको, २०१९ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा पत्र्याच्या खोल्यांतल्यांची भांडीकुंडीसुद्धा राहिली नाहीत, आणि तिकडं जतला उन्हाळ्यात टँकर आला की घागरींची रांग. तरी एक काका म्हणतातच, "चर्चचा हवामानाशी काय संबंध?"

२०२५ च्या ज्युबिलीत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षात, गरीब देशांची कर्जं माफ करा असं पोप फ्रान्सिस म्हणाले होते ना, ते कसं जोडायचं? कुणाकडं मराठी पीडीएफ, नोट्स, बोलणारं माणूस असेल तर सांगा. इंग्रजी नको, आज्जी लोकं पण येणारेत.