दुष्काळी गावात चर्चनं पाणलोटाचं काम घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

माळरान: संगमनेरच्या पठार भागातलं गाव. चर्चच्या मंडळीत साठेक कुटुंबं, बाकी गाव मराठा आणि धनगर. फादरांना नाताळच्या कपडेवाटपापेक्षा पाण्याचं काम करायचंय. ग्रामपंचायतीशी बोलणं व्हायचंय. पैसे कोणाच्या नावावर घ्यावेत? आणि ‘हे धर्मांतरासाठी चाललंय’ असा बोभाटा झाला तर?

पाणलोटवाला: नगर जिल्ह्यात याची वाट आधीच मळलेली आहे. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटांनी (येशूसंघाच्या धर्मगुरूंनी) इथूनच इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा केला. १९९३ साली त्याला बळ द्यायला ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था निघाली. त्या कार्यक्रमाच्या अटी आजही जशाच्या तशा उचलाव्यात. आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, मगच निधी. पुढे मजुरीच्या सुमारे १६ टक्के वाटा श्रमदानातून, भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घराला त्यातून सूट. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पाणलोट समिती ग्रामसभेत, एकमतानं निवडलेली.

बोभाट्याचं उत्तर या शेवटच्या अटीत आहे. समितीची बैठक चर्चच्या आवारात कधीही घेऊ नका. शाळेत किंवा चावडीवर घ्या. फादर समितीत नसावेत, बोलावलं तर यावेत. हजेरीपट आणि खर्च दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. चर्चचं खरं भांडवल म्हणजे सगळ्या वस्त्यांत जाता येणारा, भावकीच्या भांडणात नसलेला माणूस. ते वापरा, मालकी घेऊ नका.

हिशेबनीस: पैशाचं बघा. परदेशी देणगी असेल तर परदेशी देणगी कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला किंवा गावसमितीला वर्ग करता येत नाही. या कायद्याखाली नोंदणीकृत संस्थेनं स्वतःच खर्च करायचा, रक्कम स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी येते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. बऱ्याच ठिकाणी काम अडतं ते इथेच: समितीचं खाते उघडलेलं असतं, मजूर थांबलेले असतात आणि पैसा तिथे पाठवताच येत नाही. स्थानिक देणगी, उपकारस्तुतीच्या सणातल्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा चर्चचा सण) लिलावाचे पैसे किंवा रोजगार हमीचं काम यातून सुरुवात केली तर ही अडचणच नाही. समितीच्या खात्यावर तीन सह्या ठेवा, त्यात एक महिलेची.

पाणलोटवाला: आता चरांबद्दल, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडव्या, एका पातळीत खणायच्या खाचांबद्दल. माथा ते पायथा हा क्रम मोडू नका. खाली नाल्यावर बंधारा लवकर दिसतो म्हणून लोक तिथून सुरू करतात आणि दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल सलग समतल चर धरला तर १० मीटर लांबीत एका भरण्याला १,८०० लिटर पाणी थांबतं. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, चराची कड आणि ढीग यात वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात. आखणी नळीपातळीनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) करा, डोळ्यानं नाही. पातळी चुकली की सगळं पाणी एका टोकाला जमतं, तिथून फुटतं आणि नवी घळ पडते. खबरदारी म्हणून मध्ये मध्ये न खणलेला आडवा पट्टा ठेवा.

डोंगरमाथा वनखात्याचा आहे का, हे सातबाऱ्यावर आधी पाहा. असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत परवानगीशिवाय कुदळ मारू नका.

शेळीपाळ: चराईबंदीचा मार शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या धनगरांवर आणि भूमिहीनांवर पडतो, आणि विरोधही तिथूनच येतो. सगळा डोंगर एकदम बंद करू नये. तीन-चार तुकडे पाडून एकेक बंद करा आणि बंद तुकड्यातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्याच कुटुंबांना ग्रामसभेच्या ठरावात लिहून द्या. तोंडी आश्वासन हंगाम बदलला की विसरलं जातं.

दुसरं, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली घरं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांच्या श्रमदानाचे दिवस एप्रिल-मे मध्येच धरा, गैरहजेरी लावू नका. तोवर विहिरींची पाणीपातळी मोजायला लागा: कठड्यावर रंगाची एक खूण, तिथून दोरीनं पाण्यापर्यंत, दर पंधरवड्याला, ठरावीक दहा विहिरी. या आकड्यांशिवाय पुढच्या वर्षी कोणालाही काही दाखवता येणार नाही.