मदत हवी आहे: लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये ऑब्झर्व्हरशिप (डॉक्टरांचं काम जवळून बघत शिकणं)

नमस्कार मंडळी. भाची कळव्याला एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय, पुढे पीडियाट्रिक्सच करायचं म्हणते. एका वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये बालरोग विभाग जेमतेम काही आठवडे वाट्याला येतो. तिला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) जवळून बघायचंय: कमी वजनाच्या बाळाला नाकातून नळीने दूध देणं, काविळीच्या बाळाची फोटोथेरपी (खास दिव्याच्या प्रकाशात ठेवून उपचार), वजनाप्रमाणे औषधाचा डोस काढणं. परळचं वाडिया हॉस्पिटल (१९२९ पासूनचं, फक्त मुलांचं) स्लो लोकलने सोयीचं, म्हणून पहिला विचार तिथला.

तिथे किंवा ठाणे-नवी मुंबईत कुणी ऑब्झर्व्हरशिप केलीय का? अर्ज थेट विभागप्रमुखांकडे द्यायचा की अकॅडमिक ऑफिसमध्ये? कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं का? फी किती? नुसतं कोपऱ्यात उभं करणार असतील तर तेही स्पष्ट सांगा.