थर्स्टनला त्या रात्री मैदानाबाहेर काढायला हवं होतं

पाऊलवाट:
ब्रिस्बेनला राहायला आल्यापासून रग्बी लीग बघायची सवय लागली. तेरा-तेरा जणांचा खेळ, सहा पकडींच्या आत चेंडू नेता येईल तितका पुढे न्यायचा. इथे क्वीन्सलँडच्या जॉनथन थर्स्टनचा, म्हणजे 'जेटी'चा विषय निघाला की लोक २१ जून २०१७ ची सिडनीतली रात्र सांगतात. स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांची तीन सामन्यांची मालिका. पहिला सामना क्वीन्सलँडने २८-४ असा गमावलेला. मे महिन्यातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात उजवा खांदा दुखावल्यामुळे थर्स्टन त्यात नव्हता. सलग ३६ सामन्यांनंतरची ती पहिली गैरहजेरी. दुसऱ्या सामन्यात तो परतला आणि पूर्वार्धातच तोच खांदा पुन्हा गेला. तरी तो शेवटपर्यंत मैदानात राहिला. मध्यंतराला १६-६ ने मागे असलेल्या संघाने बरोबरी साधली आणि अखेरच्या मिनिटांत कडेच्या रेषेजवळून थर्स्टनने दोन गुणांची किक मारली. १८-१६.

सगळे याला पराक्रम म्हणतात. मला हे पटत नाही. माझा दहा वर्षांचा मुलगा इथल्या क्लबात खेळतो. मागच्या मोसमात त्याने सुजलेलं मनगट दोन दिवस लपवून ठेवलं. विचारलं तर म्हणाला, "जेटी खेळला होता ना?"

कोरडा पाऊस:
मुलाची काळजी समजू शकतो, पण थर्स्टन दहा वर्षांचा नव्हता. ३४ वर्षांचा होता, आणि ही आपली शेवटची ओरिजिन मालिका असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. २०१५ च्या क्लब लीगच्या अंतिम सामन्यात अशीच कडेवरून मारलेली त्याची किक खांबाला लागली होती. जादा वेळेत त्यानेच फील्ड गोल (चालू खेळात मारलेली एका गुणाची किक) मारून आपल्या क्लबला, काउबॉईजना, १७-१६ असं त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, पण ती हुकलेली किक तो विसरला असेल? दुसऱ्या कुणाच्या पायावर ही जबाबदारी टाकून तो बाकावर कसा बसणार? आणि सवंगड्यांसाठी जीव टाकणं हा त्याचा स्वभावच आहे. २००४ मध्ये बुलडॉग्ज क्लबकडून तीच लीग जिंकल्यावर त्याने आपली विजेत्याची अंगठी दुखापतीमुळे अंतिम सामना हुकलेल्या कर्णधाराला, स्टीव्ह प्राइसला दिली होती.

रेवा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. किक पायाने मारतात, ते जमलं. पण लीगमध्ये बचाव खांद्यानेच करायचा असतो. त्या रात्री न्यू साउथ वेल्सने त्याच्या अंगावर पुरेशा चढाया केल्या नाहीत, यावरून नंतर त्यांच्यावरच टीका झाली. म्हणजे एवढं मोठं भगदाड होतं, समोरच्यांनी ते वापरलं नाही इतकंच. डोक्याला मार लागला तर याच खेळात खेळाडूला तपासणीसाठी बाहेर नेतात, "मी ठीक आहे" या शब्दावर सोडत नाहीत. खांद्यासाठी तसं का नको? भर सामन्यात, अंगात रग असताना, कुठला खेळाडू स्वतःहून "नको" म्हणेल?

पाऊलवाट:
आणि किंमत कुणी मोजली? टाउन्सव्हिलच्या काउबॉईजनी. शस्त्रक्रिया झाली, उरलेला मोसम गेला.

कोरडा पाऊस:
त्याच काउबॉईजनी आठव्या क्रमांकावरून अंतिम फेरी गाठली, त्याच्याशिवाय!

पाऊलवाट:
आणि तिथे मेलबर्नकडून ३४-६ असा मार खाल्ला. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

बोनस रेषा:
मी जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलोय, डावा कोपरा. खांदा निखळला, बसवून घेतला आणि परत उतरलो. प्रशिक्षकांनी पाठ थोपटली. २००२ ला अँटिग्वात कुंबळेने जबडा बांधून गोलंदाजी केली, ते चित्र तेव्हा आमच्या डोक्यात ताजं होतं. आज माळ्यावरचा डबा काढायला बायकोला हाक मारतो. तरीही तो सामना सोडायला हवा होता असं मला म्हणवत नाही. पाऊलवाट, मुलाला मात्र माझं उदाहरण जरूर सांगा, डब्यासकट.

रेवा:
दादा, तुम्हाला म्हणवत नाही, म्हणूनच तो निर्णय तुमच्या हातात नको होता.

कोरडा पाऊस:
रेवाताई, निर्णायक तिसरा सामना थर्स्टनने हात झोळीत घालून बाहेरून पाहिला. क्वीन्सलँड २२-६ ने जिंकलं. तुमचा नियम असता तर ती मालिका सिडनीतच संपली असती.