मच्छीच्या खानावळीत व्हीगन पाहुणे: वेगळा स्वयंपाक न मांडता काय वाढावं?

आठ_टेबलं

तारकर्ली-देवबाग पट्ट्यातली आठ टेबलांची खानावळ. सुरमई, बांगडा, कोलंबी, कोंबडी-वडे हाच धंदा. दोन बर्नर, मच्छीचा एक तवा, एक कढई, एक मिक्सर. हल्ली दहा-बारा जणांच्या ग्रुपमध्ये एखाद-दुसरा व्हीगन, म्हणजे मासे-मटणच नव्हे तर दूध-तूपही न खाणारा, असतोच. शाकाहारी थाळी पुढे ठेवली की पनीर, दही, तुपाची वाटी परत येते आणि माणूस भात-सोलकढीवर उठतो. बाकीचे दहा जण मासे खाऊन खूश, पण पुढच्या वेळी ग्रुप दुसरीकडे जातो.

वेगळा आचारी परवडणार नाही. रोजच्या स्वयंपाकातूनच पोटभर थाळी कशी निघेल? आणि चूक नेमकी कुठे होते, तेही सांगा.

सोमवारची_पंगत

पनीर आणताच कशाला? पाहुणा व्हीगन म्हटला की लोक पंजाबी मेनू उघडतात आणि तिथेच फसतात, कारण त्या ग्रेव्हीत बटर, क्रीम, दही सगळंच असतं. नानच्या पिठातसुद्धा दही-दूध. मालवणी सैपाक नारळावर चालतो. खरं तर शुद्ध शाकाहारी पाटीच्या खानावळीपेक्षा तुमच्याकडे व्हीगन माणसाची सोय जास्त चांगली होऊ शकते. तिथे पोळीला तूप, वरणावर तूप, कढी ताकाची, गोड दुधाचं.

तुम्हाला हवा तो स्वयंपाक सोमवारी घरात होतोच. काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, एक भाजी, तांदळाची भाकरी किंवा वडे, भात, सोलकढी, लोणचं. आपलो सोमवारचो जेवाण, दुसरां काय! यात दूध कुठेच नाही. कोंबडीबरोबरचे वडेही चालतात. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी, एवढंच पीठ. फक्त ते कुठल्या तेलात तळता हे बघा.

सांबाऱ्याचं प्रमाण दहा वाट्यांना असं: सुके काळे वाटाणे ४०० ग्रॅम, १० ते १२ तास भिजत. कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर १५ मिनिटं. वाटण एका मोठ्या नारळाचं: तीन कांदे उभे चिरून तेलावर काळपट भाजायचे, खोबरं वेगळं खमंग लाल, सोबत दोन चमचे धणे, एक चमचा बडीशेप, पाच-सहा मिरी, चार लवंगा. मालवणी मसाला तीन मोठे चमचे. शिजलेल्या वाटाण्यांतला एक डाव वाटणाबरोबरच वाटा, रस्सा पाणचट राहत नाही. वाटाणा जुना असेल तर कितीही शिट्ट्या द्या, दडदडीतच राहतो. तसा संशय असेल तर भिजवताना चिमूटभर सोडा घाला. खोबरं करपलं तर रस्सा कडू होतो आणि तो कडूपणा गुळानेही जात नाही. ते वाटण टाकून द्या, वाचवू नका.

पिठी तर दहा मिनिटांचं काम. चार माणसांना कुळथाचं पीठ चार मोठे चमचे, पाणी चार वाट्या. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग लसणाच्या फोडणीत सोडायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या. आमसुलं तीन-चार, शेवटी. वाढणाऱ्याला मात्र सांगून ठेवा, सवयीने भातावर तुपाची धार पडते.

बिडाचो_तवो

वरचं सगळं बरोबर, पण दूध-तूप ही सोपी अर्धी बाजू झाली. मच्छीच्या खानावळीत व्हीगन पाहुण्याचा खरा शत्रू म्हणजे जवळा, ती बारीक सुकी कोलंबी.

आपल्याकडे माठाच्या भाजीत मूठभर जवळा, वांग्यात सुकट, दुधीत कोलंबी, हे इतकं अंगवळणी पडलंय की भाजी करणाऱ्याला त्यात मासे आहेत असं वाटतच नाही. "भाजीच आहे" असं तो प्रामाणिकपणे सांगतो. पावसाळ्यात टाकळा, भारंगी यांतही हेच. रायगडकडे खिचडीत सोडे (सुकवलेली कोलंबी) जातात. म्हणून नियम एकच: व्हीगन पाहुणा येणार त्या दिवशी भाजी कोरी करायची आणि मांसाहारी थाळीच्या वाट्यांत हवा तर भाजलेला जवळा वरून घालायचा. उलटं करता येत नाही.

आता भांडी. मच्छीचा बिडाचा तवा कितीही घासला तरी वास सोडत नाही. बीड तेल पितं, आणि मुरलेलं ते तेल घावनाखाली पुन्हा बाहेर येतं. घावन-आंबोळीचा तवा वेगळाच हवा. त्याच्या कानाला तार गुंडाळून खूण करा, म्हणजे घाईत चुकणार नाही.

कढईचं तसंच. बोंबील किंवा कोलंबी तळलेल्या तेलात पापडसुद्धा तळू नका. दोनच बर्नर आहेत तर सकाळी धंदा सुरू होण्याआधी नव्या तेलात पापड-वडे तळा, मग तेच तेल मासळीला वापरा. हा क्रम फुकट आहे, फक्त पाळावा लागतो. वडे गार होतात ही अडचण मान्य. पाहुण्याला गरमच हवे असतील तर छोट्या लोखंडी कढईत पाव लिटर तेल पुरतं.

आणि चमचा! मच्छीला मसाला लावलेला ओला चमचा वाटणाच्या डब्यात जातो आणि तिथे सगळं मुसळ केरात. वाटण झाल्याझाल्या, कोंबडी-मच्छीला हात लावायच्या आधी, २००-२०० ग्रॅमच्या पिशव्या भरून फ्रीझरला टाका. नुसत्या फ्रिजमध्ये भाजलेलं वाटण तीन दिवस राहतं, ओल्या खोबऱ्याचं कच्चं वाटण मात्र दुसऱ्या दिवशीच आंबायला लागतं.

सोमवारची_पंगत

तव्याबद्दल इतकं कडक कशाला? स्टीलचा किंवा नॉनस्टिक तवा साबणाने धुतला की झालं. बिडाचं मान्य.

बिडाचो_तवो

नॉनस्टिकच्या पृष्ठभागावर ओरखडे नसतील तर हो. मच्छी-तव्यावरचे ओरखडे किती असतात ते स्वतः बघा.

पानात_काय

जेवणाऱ्याच्या बाजूचं थोडं.

"दूध चालत नाही" एवढंच ऐकून बऱ्याच ठिकाणी सोलकढीही काढून घेतात, वाटण घातलेली आमटीही, आणि उरतं ते कोरडं पान. नारळाचं दूध चालतं. गाई-म्हशीचं नको, म्हणजे दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर, चीज नको. अंडं नाही, मध नाही. उलट डालड्याचं वनस्पती तूप चालतं. मार्गारीन म्हणून मिळणाऱ्या काही फॅट स्प्रेडमध्ये मात्र दुधाचा अंश असतो. वाढणाऱ्या पोराला ही यादी पाठ करायला लावण्यापेक्षा कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. ती शाकाहाराची खूण, दूध किंवा मध असलेल्या पदार्थालाही चालते. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची वेगळी नियमावली २०२२ ची आहे, तिचा हिरवा 'व्ही' असलेला लोगो वेगळा. एकाच ठिकाणी दोन्ही प्रकारचं बनत असेल तर आधी यंत्रं, भांडी, ओटा नीट साफ करायची अट त्यात आहे. म्हणून तवा सामायिक असताना मेनूवर 'व्हीगन' छापू नये. "मासे, मटण, अंडं, दूध, तूप नसलेली थाळी, स्वयंपाकघर एकच" असं लिहा. काही जणांना सामायिक स्वयंपाकघर चालतं, काहींना नाही. ते ठरवू दे पाहुण्याला, तुम्ही फक्त खरं सांगा.

फोनवर बुकिंग घेताना विचारा. वाटाणे आदल्या रात्री भिजावे लागतात, दुपारी बाराला कळून उपयोग नाही. आयत्या वेळी कोणी टपकलंच तर पिठी-भात, भाकरी आणि काप, अर्ध्या तासात.

आठ_टेबलं

जवळ्याचं वाचून चपराक बसली, तांबड्या माठात रोज जातो. दोन शंका. काप म्हणजे नीरफणसाचेच ना? तो नेहमी मिळत नाही. आणि सोलकढी गर्दीच्या दिवशी पावडरीची होते, ती चालेल?

आगळ

पावडरीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. नारळाच्या दुधाच्या बऱ्याच पावडरींत सोडियम कॅसिनेट असतं, ते गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन. म्हणजे जी एक गोष्ट आपण डोळे मिटून व्हीगन म्हणून वाढतो तीच चुकते. पाहुण्यापुरती ताजी करा. एका नारळाच्या खोबऱ्यात तीन कप कोमट पाणी दोन वेळा विभागून घातलं की पाच-सहा वाट्या निघतात. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) चार-पाच मोठे चमचे, दोन लसूण पाकळ्या, एक मिरची, कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ चव बघून शेवटी. गॅसवर चढवायची नाही, फुटते. दोन-तीन तास ठेवली तर दाट दूध वर येतं. ती खराब झाली नाही, ढवळून वाढा.

काप नीरफणसाचे उत्तम, नसेल तर सुरण, वांगं, कच्चं केळं. नीरफणस कापताना हाताला-सुरीला तेल लावा, चीक असतो. मधला दांडा काढून अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा थोडे जाड काप, लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळे पडतात. सुरण खाजरा असतो. आमसुलाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून निथळल्याशिवाय तव्यावर नेऊ नका. वांग्याला मीठ लावून ठेवलं तर पाणी सुटतं, ते ऐन वेळी.

अर्ध्या किलोला आगळ एक मोठा चमचा, हळद अर्धा चमचा, मालवणी मसाला दोन चमचे, मीठ बेताने, पंधरा मिनिटं. वर बारीक रवा अर्धी वाटी आणि तांदळाचं पीठ दोन मोठे चमचे. इथे हमखास गफलत होते: बांगडा घोळवलेल्या ताटातल्याच रव्यात काप घोळवले जातात. रवा नवा, ताट नवं. मंद ते मध्यम आचेवर पहिली बाजू झाकण ठेवून चार-पाच मिनिटं, दुसरी उघडी. मोठ्या आचेवर रवा लाल आणि आत नीरफणस कच्चा. काप ओलसर असतील तर रवा तव्यावर आणि काप उघडे. पाच-सहा कापांची प्लेट सुरमईच्या शेजारी ठेवली तर कोणाचीही मान खाली जात नाही, आणि दरही भाजीचा लावू नका, मेहनत तेवढीच आहे.

पानात_काय

गोडाचं राहिलं. श्रीखंड आणि बासुंदी सोडून काहीही दाखवा, हीच विनंती!

सोमवारची_पंगत

रस-घावन. दाट नारळाचं दूध दोन वाट्या, चिरलेला गूळ पाऊण वाटी, वेलची, चिमूटभर मीठ. गूळ गार रसातच विरघळवायचा. गुळासकट उकळलात तर फुटतो. शिरवाळे (तांदळाच्या शेवया) सोऱ्यावर गाळायला माणूस असेल तर तेच याच रसात. मोदक द्यायचे तर उकडीत तुपाऐवजी चमचाभर तेल, आणि वाढताना तुपाची वाटी दुसऱ्या टेबलावर ठेवा. काहीच जमलं नाही तर मालवणी खाजं बशीत द्या आणि पाठोपाठ आलं-गवती चहाचा कोरा चहा. पण खाज्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा.