त्रिकोणाचे ब्लॉक तीन सूत कमी का भरतायत?

टाकेवाली
बहिणीच्या बाळासाठी तुकड्यांची गोधडी करतेय, पहिल्यांदाच. ६ बाय ८ असे ४८ चौकोन, शिवून झाल्यावर प्रत्येक ६ इंचाचा, म्हणजे गोधडी ३६ बाय ४८ असा हिशोब. निम्मे साधे चौकोन आणि निम्मे निळा-पिवळा तिरके जोडलेले. माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) सगळीकडे पाव इंच म्हणून सगळेच चौकोन साडेसहाचे कापले, तिरक्यांसाठीचे कर्णावर कापून त्रिकोण केले, जोडले, इस्त्री फिरवली आणि मोजते तर साधा चौकोन साडेसहा आणि त्रिकोणवाला ६ आणि एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), एकदोन तर त्याहूनही कमी. अहो पाव-पाव इंच माया धरली होती की मग हे तीन सूत गेले कुठे?? २४ पैकी २२ झालेत. उसवायला सांगू नका प्लीज, रडेन.

शिवणक्लास_ठाणे
साडेसहा चुकलं ताई. त्रिकोणाला तयार माप अधिक सात सूत असा नियम आहे, म्हणजे तुमच्या ६ ला पावणेसात आणि वर एक सूत. का ते मला विचारू नका, आमच्या बाईंनी सांगितलं आणि मी वीस वर्षं तेच करतेय. मी तर सरळ ७ चाच कापते आणि शिवल्यावर साडेसहाला छाटते, डोकं शांत राहतं. थोडं कापड वाया जातं, जाऊ दे.

रिटायर्ड_मास्तर
का ते मी सांगतो, शिवण मला येत नाही पण हे येतं.
कागदावर दोन सारख्या बाजूंचा काटकोन त्रिकोण काढा. तिरक्या बाजूला समांतर, पाव इंच आत रेघ मारा. ही रेघ खालच्या सरळ बाजूला जिथे छेदते तिथून टोकापर्यंत पट्टीने मोजा. पाव येणार नाही! माया आपण तिरक्या बाजूला काटकोनात मोजतो, पण तीच सरळ बाजूवर √२ पट म्हणजे १.४१४ पट जागा खाते. ०.२५ गुणिले १.४१४ म्हणजे ०.३५४ आणि तीन सूत म्हणजे ०.३७५. सापडले तुमचे तीन सूत.
आता बेरीज. दोन टोकांची पाव-पाव मिळून ०.५०, त्यात मधल्या तिरक्या शिवणीची ०.३५४, एकूण ०.८५४. सात सूत होतात ०.८७५. बाईंचा नियम बरोबर आहे, वर केसभर छाटायलाही उरतं. आणि हे ०.८५४ फक्त मायेवर ठरतं, ब्लॉक ३ चा असो की १२ चा, सात सूतच. माया बदलली तर मात्र मायेला ३.४१४ ने गुणा.
शाळेत ४५-४५-९० शिकवताना पोरं विचारायची, सर याचा उपयोग काय. तेव्हा गोधडी सुचली असती तर!

उरेबवाली
मास्तर भारी 🙏 एक भर घालते. कर्णावर कापलं की ती कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी होते, ओढली की लांबते, त्यामुळे ताई इस्त्री फिरवू नका, नुसती वरून दाबून उचला. दोन रंगांचे चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवून, कर्णाची रेघ मारून, रेघेच्या दोन्हीकडे पाव इंचावर शिवून मग रेघेवर कापलं तर उरेब कड हातातच येत नाही आणि एकदम दोन ब्लॉक मिळतात.
पुढे कधी चौकोन तिरके उभे लावून बर्फीसारखी गोधडी केली तर कडेच्या त्रिकोणांना हा सात सुतांचा नियम लावू नका हं, मी लावला होता आणि गोधडीच्या कडा झालरीसारख्या लहरल्या. तिथे त्रिकोणाची लांब बाजू बाहेर येते, ती कापडाच्या सरळ धाग्यावर हवी, म्हणून मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे. ६ च्या ब्लॉकला ६ गुणिले १.४१४ म्हणजे साधारण साडेआठ, अधिक सव्वा, पावणेदहाचा चौकोन.
आणि जे एकदोन जास्तच कमी भरले ते मशिनच्या फुटामुळे (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) असतील. बऱ्याच मशिनला फुटाची कड सुईपासून पावापेक्षा लांब असते. सुईपासून पाव इंच मोजून प्लेटवर चिकटपट्टी लावा.

टाकेवाली
मास्तर, कागदावर करून बघितलं, खरंच ०.३५ येतंय!! पण आता या २२ चं काय करू

रिटायर्ड_मास्तर
उसवू नका. साधे चौकोनच ६ आणि एक सूत करा, उरलेले दोन त्रिकोणवाले तुमच्या जुन्याच मापाने कापा. तयार चौकोन ५ इंच ५ सूत होईल, म्हणजे गोधडी पावणेचौतीस बाय ४५. भोवती दीड इंच दिसेल अशी पट्टी लावा, लांबी बरोबर ४८ आणि रुंदी ३६ च्या वर पाऊण इंच.

खानदेशी_आजीची_नात
वाचून हसू आलं. आमची आजी जुन्या लुगड्यांच्या थरावर तुकडे ठेवायची, कड आत दुमडायची आणि धावदोरा घालत जायची. मापच नाही, कमी पडलं तिथे दुसरा तुकडा. तिथे माया चुकणार कुठे, तुकड्याला तुकडा जोडायचाच नसतो!

टाकेवाली
आजीची पद्धत आधी कळली असती तर 😅 साधे चौकोन छाटायला घेतलेत. ते कमी भरलेले दोन नाहीच बसत, त्यांची बाळाच्या उशीला खोळ करते.